दिव्याखालचा अंधार

मागच्या अंकात सुक्या मासळीवर लिहिलं होतं. त्यावर बडोद्याच्या एका वाचक मुलीचा संदेश आला. डिसेंबरात ती आईवडिलांबरोबर गोव्याला येऊन गेली. रात्री जेवण झाल्यावर किनाऱ्यावर फिरताना तिला दूर समुद्रात पांढऱ्याशुभ्र दिव्यांची एक रांग दिसली. तिचा फोटो पाठवून ती विचारते, "काका, समोर हे कुठलं शहर आहे?"

बाळ, समोर शहर नाही. समोर आफ्रिकेपर्यंत पाणीच आहे. ते दिवे बोटींचे. त्यातल्या काही बोटी कामापुरते दिवे लावून सरळ आपलं जाळं ओढत असतील, सगळ्यांना एका दावणीला बांधायला नको. पण क्षितिजावर दिवाळी असावी असा झगझगीत पांढरा प्रकाश दिसला, तर बहुतेक वेळा तो मासे गोळा करण्यासाठी लावलेला असतो. आणि तसे मासे पकडायला आपल्या देशात बंदी आहे.

प्रकाशाने मासे कसे येतात, ते आधी सांगतो. बोटीवर जनरेटर बसवतात आणि मोठमोठे एलईडी दिवे बाजूला टांगतात किंवा थेट पाण्यात सोडतात. उजेडाकडे आधी अगदी बारीक जीव येतात, त्यांच्यामागे बारकी मासळी, तिच्यामागे माणक्या, बांगडे, कुपे. तास दोन तासांत बोटीखाली एक बाजारच भरतो. मग दुसरी बोट येऊन पर्ससीनचं जाळं भोवती टाकते आणि थैलीची नाडी ओढावी तशी खालून आवळते. आत सापडलेलं सगळं वर येतं. मोठं, छोटं, अंड्यावरचं, उद्या परवा वाढणारं. माणसाने मासे शोधत हिंडायचं, हा या धंद्यातला हजारो वर्षांचा नियम. इथे मासाच माणसाकडे चालत येतो.

मी बँकेत होतो, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. नोकरीची शेवटची काही वर्षं एका जेटीजवळच्या शाखेत गेली. तिथे मासेमारी मला समुद्रापेक्षा जास्त कर्जाच्या फायलींतून दिसली. बोटमालक म्हणजे कुणी खलनायक असतात असं मला कधीच वाटलं नाही. बोटीचा हप्ता, डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, जाळ्याची दुरुस्ती. समुद्र दयाळू असो वा नसो, हप्त्याची तारीख चुकत नाही. एका मालकाला मी एकदा विचारलं होतं की हा प्रकाशाचा उद्योग कशाला करता. तो खुर्चीत टेकून म्हणाला, "बाब, माझ्या बाजूच्याने दिवे लावले की माझ्या जाळ्यात काय येणार? काळोख? मग मलाही लावावे लागतात." त्याचं गणित चूक नव्हतं. पण त्याच गणिताने सगळ्यांचा समुद्र रिकामा होतो. आणि सगळ्यात आधी रिकामी होते ती ज्याच्याकडे जनरेटर नाही त्याची टोपली.

गोव्याने हे भांडण एकदा बघितलेलं आहे. तेव्हा दिवे नव्हते, ट्रॉलर होते. तुमच्या आजोबांच्या तरुणपणी किनाऱ्यावर रापण लागायची. एक मोठं जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नास साठ माणसांनी ओढायची. हात लावेल त्याला वाटा, असा साधा हिशेब. १९६० नंतर ट्रॉलर आले, किनाऱ्याला घासून चालू लागले आणि रापणीत शेवाळ येऊ लागलं. १९७० च्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. मातानी साल्ढाणांसारखे लोक त्यांच्यामागे उभे राहिले. त्या लढ्यानंतर १९८० सालचा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला, आणि किनाऱ्यालगतचं पाच किलोमीटरचं पाणी यांत्रिक ट्रॉलरना बंद झालं. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर वर्षभराने, १९८१ चा.

पण आज मला गोव्याबद्दल फार लिहायचं नाही. गोव्यातल्या मच्छीमाराचा धंदा बसला, तर तो वाईट दिवस काढेल, रिक्षा चालवेल, मुलगा हॉटेलात लागेल. हे चांगलं आहे असं नव्हे, पण पाठीमागे जमीन आहे. ज्याच्या पाठीमागेही समुद्रच आहे, त्याचं काय होतं, ते मला लक्षद्वीपला कळलं.

२०१४ साली एलटीसी घेऊन आम्ही दोघं कोचीहून जहाजाने गेलो. (हिने पहिले दोन दिवस आडवं पडूनच काढले. त्याचं वर्णन तिने छापायला मनाई केली आहे.) लक्षद्वीप म्हणजे एकूण ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती. सगळी जमीन मिळून भरते ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास. मात्र या चिमूटभर जमिनीभोवती भारताच्या हक्काचा जो समुद्र आहे, तो सुमारे ४ लाख चौरस किलोमीटरचा. भात तिथे पिकत नाही. नारळ आणि मासा, बाकी सगळं जहाजाने येतं.

सगळ्यात दक्षिणेचं बेट मिनिकॉय. तिथले लोक त्याला मलिकू म्हणतात. बाकीच्या बेटांवर मल्याळमची बोली चालते, इथे मात्र महल, म्हणजे मालदीवची भाषा. ती आपल्या मराठीसारखीच संस्कृताच्या घराण्यातली. मासा या अर्थाचा त्यांचा शब्द आहे 'मस'. जहाजातून उतरून हजार मैलांवरचा माणूस आपला शब्द बोलतो, तेव्हा जरा बरं वाटतं.

तिथे १८८५ सालचं दीपगृह आहे. वर चढून गेलं की भूगोलाचं पुस्तक उघडल्यासारखं होतं. बेटाला लागून फिकट हिरवं उथळ पाणी, त्या पलीकडे प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, आणि तिच्या पलीकडे एकदम काळानिळा खोल समुद्र. या तीन पट्ट्यांतच बेटाचं सगळं अर्थशास्त्र बसलेलं आहे.

दुपारी धक्क्यावर बोटी लागल्या. त्यांत कुपे होते, पोटावर काळसर पट्टे असलेले. बरोबर एक स्थानिक शिक्षक होते, ते हिंदीत समजावत होते. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मला त्याचा गळ हातात दिला. मी तो उलटसुलट करून पाहिला, काहीतरी कमी वाटत होतं. आपल्याकडच्या गळाला टोकाशी उलटा काटा असतो, मासा सुटू नये म्हणून. याच्या गळाला तो नव्हताच. का, असं विचारल्यावर शिक्षकांनी त्याचं उत्तर हिंदीत सांगितलं, "कहते हैं, काँटा छुड़ाने में टाइम जाता है." मला वाटलं होतं काहीतरी थोर तत्त्वज्ञान ऐकायला मिळेल. पण ते साधं कारागिराचं उत्तर होतं, आणि ते ऐकून ती पद्धत मला पहिल्यांदा नीट कळली.

पहाटे ते लोक आधी लगूनमध्ये, म्हणजे त्या हिरव्या उथळ पाण्यात जातात. तिथे बारक्या जाळ्याने बोटाएवढी मासळी धरतात. होंडेली, रेही अशी तिची नावं. ती मारायची नाही, जिवंत ठेवायची. बोटीच्या पोटात त्यासाठी टाकी असते, तिच्यात समुद्राचं पाणी खेळतं ठेवलेलं असतं. मग कड्याबाहेर खोल समुद्रात जायचं आणि पक्ष्यांच्या थव्यांवरून कुप्यांचा थवा हुडकायचा. सापडला की ही जिवंत मासळी मुठीमुठीने पाण्यात सोडायची, आणि बोटीच्या मागच्या बाजूने पाण्याचे फवारे मारायचे, म्हणजे वरून मासळी उसळतेय असं कुप्यांना वाटतं. ते वेडे होतात. लांब काठ्या घेतलेली माणसं ओळीने उभी असतात. गळ पाण्यात, मासा गळाला, झटक्यासरशी डोक्यावरून बोटीत, काटा नसल्याने तो आपोआप सुटतो, आणि गळ परत पाण्यात. असं काही मिनिटं चालतं, मग थवा खाली जातो आणि काम संपतं.

एका वेळी एका माणसाने एका काठीवर एकच मासा. जाळं नाही, त्यामुळे कासव नाही, डॉल्फिन नाही, कोवळी दुसरी मासळी नाही. मालदीवने तर कुपे जाळ्याने धरायलाच बंदी केली आहे. परदेशी दुकानांत टुनाच्या डब्यावर 'पोल अँड लाइन' असं अभिमानाने छापलेलं असतं, ते याच पद्धतीचं नाव. मिनिकॉयची ही विद्या १९६० नंतर यांत्रिक बोटींबरोबर इतर बेटांवर पसरली. पकडलेला मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात. त्याचं नाव मासमीन. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा घर त्यावर चालतं, आणि तो विकलाही जातो.

आता यात नाजूक जागा कुठली ते बघा. कुपा नव्हे. तो तर महासागरभर हिंडणारा मासा. नाजूक जागा आहे ती पहाटेची बोटाएवढी मासळी. होंडेली नसेल तर काठी, गळ, बोट, कौशल्य सगळं असून उपयोग नाही. आणि होंडेली राहते ती प्रवाळाच्या आधाराने, लगूनच्या शांत पाण्यात. प्रवाळाची अवस्था आधीच वाईट आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला आणि तिथलं प्रवाळ पांढरं पडून मोठ्या प्रमाणात मेलं. अशा समुद्रात मुख्य भूमीवरून आलेल्या बोटी कड्याजवळ उजेड पाडून जाळी टाकू लागल्या, तर बोटाएवढी मासळी आणि तिच्यामागे येणारा मोठा मासा, दोन्ही एकाच रात्रीत जातात. बेटावरचा माणूस पहाटे उठतो तेव्हा पहिलाच टप्पा मोडलेला असतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या बुल ट्रॉलिंगवर बंदी घातली. ही बंदी बारा सागरी मैलांपलीकडच्या, म्हणजे केंद्राच्या ताब्यातल्या समुद्रासाठी. त्याच्या आतलं पाणी राज्यांचं किंवा त्या त्या प्रशासनाचं. कागदावर दोन्हीकडे दारं लावलेली आहेत. पण ४ लाख चौरस किलोमीटरच्या अंगणात गस्तीच्या किती बोटी पुरणार? आणि बोट धरली तरी दिवा बोटीवर असणं आणि दिव्याने मासे धरणं यातला फरक सिद्ध करावा लागतो. खलाशी म्हणतात, हा आमचा कामाचा दिवा. जाळं पाण्यात असतानाच पकडलं तर गोष्ट वेगळी. हे काम मध्यरात्री, भर समुद्रात करायचं असतं.

चोरी फक्त माशाची होत नाही. समुद्री काकडी नावाचा एक सुस्त, काकडीच्या आकाराचा प्राणी तळाशी रेती चाळत पडलेला असतो. आपण त्याला हातही लावणार नाही. पण पूर्व आशियात त्याला सोन्याचा भाव आहे. २००१ पासून तो आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहे. २०२० च्या सुरुवातीला सुहेली या वस्ती नसलेल्या बेटाजवळ तस्करांकडून १,७१६ समुद्री काकड्या जप्त झाल्या. त्याच वर्षी लक्षद्वीप प्रशासनाने चेरियापाणी इथे २३९ चौरस किलोमीटरचं, खास समुद्री काकडीसाठीचं संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. जगात असं पहिलंच.

सुहेलीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे वस्ती नाही, म्हणून ते कुणाचंच नाही, असं मुख्य भूमीवरच्या माणसाला वाटतं. पण कवरत्तीचे लोक पिढ्यानपिढ्या हंगामात तिथे जाऊन राहतात, मासे धरतात, वाळवतात. अगत्तीच्या लोकांचं बंगारमशी असंच नातं. सातबारा नाही, नकाशा नाही, पण कुणाचं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे देवराईला कुंपण नसतं, तरी तिथली फांदी कुणी तोडत नाही, तसं. पारंपरिक हक्काची अडचण हीच आहे. जोवर सगळे शेजारी असतात तोवर तो भक्कम असतो, आणि बाहेरचा आला की पुरावा मागितला जातो.

पुरावा नसला की उलटंही होतं. २०२१ साली लक्षद्वीपमध्ये किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या शेड बेकायदा ठरवून पाडल्या गेल्या. जाळी आणि सामान ठेवण्याच्या या जागा, कितीतरी वर्षांच्या. त्याच वर्षी प्रत्येक मासेमारी बोटीवर माहिती काढण्यासाठी सरकारी कर्मचारी नेमण्याचा आदेश निघाला, आणि ओरड झाल्यावर मागे घेतला गेला. किनाऱ्याची सुरक्षा महत्त्वाची आहे, २६ नोव्हेंबर नंतर त्यावर वाद घालायचं कारण नाही. पण कड्याबाहेर उजेड करून बसलेल्या बोटीपर्यंत पोचायला ज्या यंत्रणेला साधनं पुरत नाहीत, तिला किनाऱ्यावरची झावळ्यांची शेड मात्र चटकन दिसते. मला हे खटकतं, आणि ते इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सगळा दोष बाहेरच्यांचा, असंही नाही हं. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांची संख्या खूप वाढली. त्यांनी तिथलं समुद्री गवत खाऊन कुरणं उजाड केली, आणि त्या गवतात वाढणारे मासे कमी झाले. मच्छीमार कासवांवर चिडले. अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा त्यांची तक्रार बरीचशी खरी निघाली. कासव संरक्षित, मच्छीमारही संरक्षणाच्या लायकीचा, आणि दोघांचं ताट एकच. यावर सोपं उत्तर कुणाकडे नाही. निर्यातदारांनी प्रवाळातल्या मोठ्या माशांना चांगला भाव दिला, तेव्हा बेटावरच्याच काहींनी कुपे सोडून ते धरायला सुरुवात केली, हेही खरं आहे. माझ्या शाखेतल्या बोटमालकासारखे हिशेब बेटावरही असतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने खोल समुद्रातल्या मासेमारीचे नवे नियम काढले. त्यात एलईडी आणि बुल ट्रॉलिंगवरची बंदी पुन्हा सांगितली आहे, मोठ्या यांत्रिक बोटींना परवाना घ्यावा लागेल आणि छोट्या पारंपरिक बोटींना त्यातून सूट आहे. सहकारी संस्थांना प्राधान्य द्यायचं आहे. अंदमान आणि लक्षद्वीपसाठी मोठी बोट समुद्रातच लहान बोटींकडून मासा उतरवून घेईल, अशी कल्पनाही आहे. चांगली वाटते. मात्र बँकेतला जुना माणूस म्हणून मी एवढंच विचारीन की मोठी बोट कुणाच्या नावावर असेल आणि भाव कोण ठरवेल. सहकारी संस्थेची पाटी लावून आत एकाच घराची मालकी, असे कागद मी भरपूर पाहिले आहेत.

मला त्याहून आशा वाटते ती एका साध्या वहीची. २०१४ पासून दक्षिण फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने लक्षद्वीपच्या काही बेटांवरचे मच्छीमार आपापल्या पकडीची नोंद स्वतः ठेवू लागले. कुठे गेलो, जिवंत मासळी किती मिळाली, कुपे किती, डिझेल किती. दिवसभर उन्हात काठी मारून आलेला माणूस संध्याकाळी वहीत आकडे लिहितो. सुरुवातीला ही कटकट वाटली असणार, मला तर शाखेतलं डेबुकसुद्धा वाटायची. पण अशा पाचदहा वर्षांच्या वह्या साठल्या की त्यांचं वजन बदलतं. अमुक महिन्यात होंडेली कमी झाली, अमुक भागात बाहेरच्या बोटी आल्यानंतर पकड घटली, हे मग आजोबांची आठवण म्हणून नव्हे, तर तारीखवार मांडता येतं.

बडोद्याच्या त्या मुलीने माझं उत्तर वाचून पुढचा प्रश्न पाठवला आहे. आम्ही काय करायचं? तिला मी दोन गोष्टी कळवल्या. गोव्याला किंवा कोकणात आलात आणि थाळी मागवलीत, तर जून जुलैत ताजा बांगडा मागू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. त्या दिवसांत ताजा म्हणून जो मिळतो, तो कुठून आला हे मालकाला विचारा, उत्तर ऐकण्यासारखं असतं. आणि बाजारात वीतभर लांबीचीही नसलेली इस्वणाची पिल्लं स्वस्तात दिसली, तर ती घेऊ नका. तिची आई म्हणाली म्हणे, की आमच्याकडे बडोद्याला इस्वण मिळतच नाही, रोहूच मिळतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रोहूचं कालवण कसं करतात ते मात्र मी तिच्याकडून मागवलं आहे. आलं की पुढच्या अंकात.